काय तरंगतं, काय बुडतं: गोव्याच्या समुद्रातल्या प्लास्टिकचा हिशेब

काचेच्या ग्लासात समुद्राचं पाणी घ्या. त्यात तीन वस्तू टाका: दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, पाण्याच्या बाटलीतून कातरलेला तुकडा आणि जुन्या जाळ्याचा नायलॉनचा धागा. तिन्ही बोटाने पाण्याखाली दाबा, नाहीतर पृष्ठताणामुळे बुडणारे हलके तुकडेही वर अडकून राहतात आणि प्रयोग फसतो. आता बोट काढा. पिशवीचा कोपरा लगेच वर येईल. बाटलीचा तुकडा तळ गाठेल. धागाही बुडेल, पण रेंगाळत.

समुद्रातलं प्लास्टिक समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते. आपल्याकडे शब्द एकच, 'प्लास्टिक', पण पाण्याच्या दृष्टीने ते निरनिराळे पदार्थ आहेत. कुठलं प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं आणि कुठलं जड, यावर ते कुठे जाऊन पडणार हे ठरतं. ते जिथे पडतं तिथे कोण राहतं, यावर इजा कोणाला होणार हे ठरतं.

समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरतं. दुधाची पिशवी, कॅरीबॅग आणि बाटलीचं झाकण पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचं असतं; एक लिटर जागा भरेल एवढं हे प्लास्टिक ०.९० ते ०.९७ किलो भरतं, म्हणून तरंगतं. पाण्याची बाटली पेट (पीईटी) प्रकारच्या प्लास्टिकची, तिचा आकडा १.३८. नायलॉन १.१४ च्या आसपास. नळाच्या पाइपांचं पीव्हीसी पेटसारखंच जड. थर्माकोल म्हणजे हवेने फुगवलेलं पॉलिस्टायरीन. ते पिसासारखं वर राहतं आणि पाण्यापेक्षा वाऱ्याचंच जास्त ऐकतं.

बाटलीची गोष्ट जरा वेगळी. झाकण घट्ट असेल तर आत हवा कोंडलेली राहते आणि बाटली महिनोन्‌महिने तरंगते. झाकण नसेल तर ती भरते आणि तळाला जाते, झाकण मात्र वर राहतं. भरतीच्या रेषेवर झाकणं एवढी सापडतात त्याचं हे एक कारण. दुसरं कारण भंगाराच्या बाजाराचं: बाटलीला भाव मिळतो म्हणून ती उचलली जाते, सुट्या झाकणासाठी कोणी वाकत नाही.

वर दिसतं ते किती?

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अंदाजानुसार, २०१० या एका वर्षात किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं. त्याआधीच्या वर्षी, २०१४ मध्ये, जगभरच्या समुद्रांच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिकचा अंदाज आला होता: सुमारे २ लाख ६९ हजार टन. २०२१ च्या एका अभ्यासाने फक्त नद्यांमधून जाणाऱ्या प्लास्टिकचा आकडा वर्षाला ८ ते २७ लाख टन असा काढला. या आकड्यांनुसार, एका वर्षात जेवढं आत जातं त्याच्या मानाने आजवरचं साठलेलं तरंगतं प्लास्टिक थोडंच भरतं.

मग बाकीचं गेलं कुठे? एक भाग पहिल्या दिवसापासून तळाला आहे. एक भाग किनाऱ्यांनी परत घेतला आणि वाळूत गाडला. काही प्राण्यांच्या पोटात आहे. आणि एक भाग इतका बारीक झाला आहे की पृष्ठभागावर ओढायच्या संशोधन-जाळ्यांच्या साधारण एक तृतीयांश मिलिमीटरच्या छिद्रांतून तो निसटून जातो. म्हणून बोटीतून पाहिलेला निळाशार समुद्र स्वच्छ असेलच असं नाही.

मांडवीचं वरचं पाणी आणि खालचं पाणी

गोव्याचा किनारा जेमतेम १०५ किलोमीटर, पण त्यावर तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग अशा नद्या उतरतात. पणजी, म्हापसा, मडगाव इथले व्हाळ (ओढे) आणि गटारं फिरून-फिरून यांनाच मिळतात. मांडवीत भरतीचा परिणाम सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो. म्हणजे किनाऱ्यापासून तासाभराच्या गाडीवाटेवरच्या गावातली पिशवीसुद्धा भरती-ओहोटीच्या हिशेबात आलेलीच असते.

ऑक्टोबर ते मे कचरा हळूहळू साठतो: व्हाळाच्या कडेला, मोरीखाली, खाजनाच्या (नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधांवर, मानशीच्या (तिथल्या पाणी सोडायच्या दाराच्या) फळ्यांपाशी. जूनच्या पहिल्या मोठ्या सरी हा आठ महिन्यांचा साठा काही दिवसांत खाली आणतात. म्हणून व्हाळ साफ करायचे ते मेच्या उत्तरार्धात. जुलैमध्ये तेच काम केलं तर तोवर माल निघून गेलेला असतो.

पावसाळ्यात नदीच्या मुखाशी पाणी दोन थरांत वाहतं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे जातं. खारं पाणी जड, ते तळाने आत शिरतं. तरंगणारी पिशवी वरच्या थरावर बसून समुद्रात जाते. पेटचा तुकडा, नायलॉनचा धागा, चिखल चिकटलेली वेफरची पाकिटं तळाच्या थरात येतात आणि तो थर त्यांना पुन्हा आत ढकलतो. त्यामुळे नदीचं मुख हे जड प्लास्टिकचं कोठार बनतं. नेमकी तिथेच तिसऱ्या, कालवं, शिनाण्या हे शिंपले वाढतात, कोळंबी लहानाची मोठी होते आणि शेवटे माशांचे थवे चिखल चाळत फिरतात. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली साळ नदीच्या मुखाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या पाण्यात, गाळात आणि मासळीत, तिन्हीकडे सूक्ष्म प्लास्टिक सापडलं.

खारफुटीचं दुखणं याच चिखलातलं. उपट्या जातीच्या खारफुटीची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण चिखलात प्राणवायू नसतो. ओहोटीला त्यांच्यावर पिशवी बसली आणि वरून गाळाचा थर आला की त्या मुळाचा श्वास बंद. एकदोन मुळं झाकली तर झाड निभावून नेतं. भोवतालची बहुतेक सगळी झाकली गेली तर पानं गळतात आणि झाड वाळतं. इथे साफसफाई करताना पिशवी जोराने ओढली तर मुळं तुटतात. गाळ बाजूला करायचा, पिशवी कातरीने कापायची, तुकडे सुटे काढायचे.

समुद्रात गेलेल्या पिशवीला पुढे किनारी प्रवाह भेटतो. पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह नैऋत्य मोसमात दक्षिणेकडे वाहतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे. पॅसिफिकमध्ये प्लास्टिकचा एक कायमचा पट्टा झाला आहे तसा अरबी समुद्रात होत नाही, कारण इथे वारे आणि प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतात. शेजाऱ्याचं आपल्याकडे येतं, आपलं शेजाऱ्याकडे जातं. पावसाळ्यात लाटा आणि वारा किनाऱ्याकडे लोटत असतात, म्हणून त्या दिवसांत बरंच तरंगतं प्लास्टिक वाळूवर येऊन पडतं.

केरीपासून गालजीबागपर्यंतच्या सहा किनाऱ्यांवर प्लास्टिकच्या गोळ्यांची पाहणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रोपिलीनच्या या गोळ्या नैऋत्य मोसमात जास्त आढळल्या. दोन ते पाच मिलिमीटरच्या, साबुदाण्यासारख्या दिसणाऱ्या या गोळ्या म्हणजे प्लास्टिक उद्योगाचा कच्चा माल. वस्तू बनण्याआधीच, वाहतुकीत सांडून त्या समुद्रात येतात. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल हे जहाज जळून बुडालं तेव्हा एकट्या त्या जहाजातून सुमारे १,६८० टन गोळ्या सांडल्या. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं आणि केरळच्या वाळूवर तशाच गोळ्यांचा खच पडला.

निळी ताडपत्री आणि ऊन

प्लास्टिक कुजत नाही, तुटतं. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला प्राणवायू मिळून त्याच्या लांब साखळ्या तोडतात. वस्तू आधी फिकी पडते, मग ठिसूळ होते, मग तिचा चुरा होतो. यासाठी ऊन, उष्णता आणि हवा तिन्ही लागतात. समुद्राच्या थंड, काळोख्या तळाशी तिन्ही नाहीत, म्हणून तिथली बाटली दशकानुदशकं तशीच पडून राहते. उन्हाने तापलेल्या वाळूवर मात्र हेच काम कितीतरी वेगाने होतं. पाच मिलिमीटरहून लहान तुकड्याला सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात, आणि ते तयार करणारी सर्वांत मोठी चक्की आपल्या पायाखालची वाळू आहे. किनाऱ्यावरचा मोठा तुकडा आज उचलणं म्हणून फायद्याचं. वर्षभराने त्याचे शेकडो झालेले असतात आणि ते कोणाच्याच हाती लागत नाहीत.

घरातलं उदाहरण हवं असेल तर पावसाळ्यात ओसरीला बांधायची निळी ताडपत्री बघा. पूर्वी माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप लावत. ते कुजून मातीत जायचे. ही ताडपत्री पॉलिएथिलीनच्या पट्ट्यांची विणलेली असते. ऑक्टोबरनंतर ती तशीच उन्हात फडफडत ठेवली की वरचा पातळ थर आधी सुटतो, मग उभे-आडवे धागे सुटे होतात, आणि पुढच्या पावसात ते केसासारखे धागे व्हाळात जातात. उपाय अगदी साधा: पाऊस संपताच काढा, धुवा, वाळवा, सावलीत गुंडाळून ठेवा. कापताना कड उघडी सोडू नका, दुमडून शिवा किंवा गरम सुरीने चिकटवून घ्या. ठिसूळ झालेली ताडपत्री चुरगळून पाहा. हाताला निळी पूड लागली तर तिचं आयुष्य संपलं, ती अखंड असतानाच कचरागाडीत द्या.

कपडे धुताना निघणारे तंतू हाही याच जातीचा माल. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाने २०१६ मध्ये मोजलं तेव्हा ६ किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून ७ लाखांहून जास्त तंतू सुटले होते.

वास लागलेलं प्लास्टिक

कोरी पिशवी समुद्री प्राण्याला खाण्यासारखी वाटेलच असं नाही. पण पाण्यात पडल्यावर काही तासांतच तिच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ, मग शिंपल्यांची पिल्लं. शेवाळापासून डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू सुटतो. समुद्रावर गेल्यावर जो 'समुद्राचा वास' येतो त्यात याचा मोठा वाटा असतो. जिथे हा वास दाट, तिथे खाणं आहे हे अनेक समुद्रपक्ष्यांना आणि माशांना उपजतच ठाऊक असतं. २०१६ च्या संशोधनात दिसलं की समुद्रात काही आठवडे ठेवलेल्या प्लास्टिकलाही हाच वास येतो. कासवांवरही २०२० मध्ये प्रयोग झाला: शेवाळ चढलेल्या प्लास्टिकच्या वासाला त्यांनी खाण्याच्या वासाइतकाच प्रतिसाद दिला. 'जेलीफिशसारखी दिसते म्हणून कासव पिशवी खातं' हे खरंच आहे, पण तेवढंच खरं नाही. त्याच्या नाकाचीही फसगत होते.

हाच थर पुढे तरंगणाऱ्या प्लास्टिकला बुडवतोही. शिंपले आणि चिकटून बसणारे इतर कवचवाले जीव वाढत गेले की ०.९२ ची पिशवी १.०२५ ओलांडते आणि खाली जायला लागते. खोलात उजेड नाही म्हणून शेवाळ मरतं, वजन कमी होतं, ती पुन्हा वर येऊ शकते. अशा वर-खाली फेऱ्यांत ती प्रत्येक थरातल्या प्राण्यांच्या समोरून जाते.

कोणाला काय होतं

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत अंडी घालतात, एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे. या कासवाच्या घशात आतल्या बाजूने मागे वळलेले काटे असतात. गिळलेलं पाणी बाहेर टाकताना भक्ष्य निसटू नये म्हणून ती सोय आहे. पण त्यामुळेच तोंडात आलेली पिशवी थुंकता येत नाही. ती एकाच दिशेने जाते. आतड्यात ती अडकली तर मागे अन्न कुजून वायू साठतो. कासव मागच्या बाजूने वर उचललं जातं, त्याला बुडी मारता येत नाही, आणि तळाचे खेकडे-शंख समोर असून ते उपाशी राहतं. ऑस्ट्रेलियातल्या मृत कासवांच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला: पोटात प्लास्टिकचे १४ तुकडे असतील तर मरण्याची शक्यता निम्मी, एक तुकडा असेल तरी ती २२ टक्के.

वाळूतल्या प्लास्टिकचा त्रास पिल्लांना होतो. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, आणि प्लास्टिकचे तुकडे मिसळलेली वाळू वेगळ्या गतीने तापते. घरट्यातून वर येताना आणि पाण्याकडे जाताना जाळ्याचा एखादा फाटका तुकडाही पिल्लाला रात्रभर अडकवून ठेवायला पुरतो; सकाळी कावळे आणि कुत्रे असतात.

मात्र या कचऱ्यातला समुद्री प्राण्यांचा सर्वांत मोठा शत्रू कोणता असं विचारलं तर पिशवी नव्हे, हरवलेलं जाळं. पॅसिफिकच्या त्या पट्ट्यात २०१८ मध्ये वजन मोजलं तेव्हा ४६ टक्के वाटा मासेमारीच्या जाळ्यांचा निघाला. आपल्याकडचं गिलनेट कसं असतं ते आठवा: वर तरंगणाऱ्या फ्लोटांची दोरी, खाली शिशाची दोरी, मधे पाण्यात जवळजवळ न दिसणारी नायलॉनची भिंत. ते खडकात अडकतं, मधून गेलेला ट्रॉलर ते तोडतो, किंवा वादळात नांगर सुटतो. मालकाने गमावलं तरी जाळं उभंच राहतं आणि पकडत राहतं. मासळीच्या वजनाने ते खाली बसतं. खेकडे येऊन मेलेली मासळी खातात, त्यातले काही स्वतः अडकतात. वजन हलकं झालं की फ्लोट त्याला पुन्हा उभं करतात. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, मासळीला अंडी घालायला उसंत मिळावी म्हणून. हरवलेलं जाळं त्या ६१ दिवसांतही थांबत नाही. कासव आणि डॉल्फिन फुप्फुसाने श्वास घेतात. एरवी ते बराच वेळ श्वास रोखू शकतात, पण जाळ्यात धडपडताना तोच प्राणवायू भराभर संपतो.

जाळं हरवलं तर लगेच जीपीएसवर जागा टिपावी आणि पाणी शांत असताना लोखंडी आकडा टाकून तळ ओढावा; पहिल्या काही दिवसांत ते त्याच जागी सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. दोन्ही दोऱ्यांवर होडीचा क्रमांक असलेली खूण असावी. खेकड्यांच्या सापळ्याला एक झडप ठेवून ती सुती दोऱ्याने बांधावी. सापळा हरवला तर दोरा काही आठवड्यांत कुजतो, झडप उघडते आणि आतले खेकडे सुटतात. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर अनेक ठिकाणी ही सक्तीच आहे. मालीम, कुटबण, खारीवाडा, शापोरा अशा जेटींवर जाळं दुरुस्त करताना कापलेले बोटभर तुकडे धक्क्यावर पडतात आणि पाणी मारून धुतले की थेट समुद्रात जातात. जाळं शिवणाऱ्याच्या मांडीशी एक गोणपाट एवढी सोय पुरते. केरळात कोल्लमजवळच्या नींदकराला २०१७ पासून ट्रॉलरवाले जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत न टाकता धक्क्यावर आणतात आणि तिथे त्याचा भुगा करून तो रस्त्यांसाठी वापरला जातो. आपल्या जेटींवर हे करायला तांत्रिक अडचण काहीच नाही.

कालवांचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. फ्रान्समध्ये कालवांना दोन महिने अतिसूक्ष्म पॉलिस्टायरीनच्या कणांत ठेवलं, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले: माद्यांची अंडी ३८ टक्क्यांनी घटली, नरांच्या शुक्रजंतूंची गती २३ टक्क्यांनी मंदावली. कालव मेलं नाही. त्याची शक्ती निरुपयोगी कण पचवण्यात गेली आणि पिढी वाढवायला उरली नाही. प्राणिप्लवकांचंही, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचंही, असंच होतं. त्यांची विष्ठा एरवी जड गोळ्यांसारखी खाली पडून तळाच्या जिवांना अन्न पुरवते; तिच्यात प्लास्टिक मिसळलं की गोळी हलकी होते आणि सावकाश बुडते. मुरगावजवळच्या ग्रांद बेटाभोवती प्रवाळ आहेत. आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळखडकांच्या पाहणीत, २०१८ साली, असं दिसलं की प्लास्टिक टेकलेल्या प्रवाळाला रोग लागण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर जाते. पिशवी उजेड अडवते, घासून जखम करते, आणि त्या जखमेत जंतू शिरतात.

आपल्या किनाऱ्यावर मोजायचं कसं

शाळेने किंवा पंचायतीने करावी अशी ही मोजणी आहे. शेवटच्या भरतीने सोडलेली कचऱ्याची रेषा शोधा. त्या रेषेवर २५ मीटर अंतराने चार जागा ठरवा. जिथे कचरा दिसतो तिथे नाही, जिथे टेप पोचेल तिथे. इथेच बहुतेक मोजण्या चुकतात. प्रत्येक जागी ५० सेंटीमीटर चौरस चौकट ठेवून वरची दोन सेंटीमीटर वाळू उचला. ती बरोबर पाच लिटर भरते. चार चौकटी मिळून एक चौरस मीटर होतो. वाळू सावलीत वाळवा, आधी पाच आणि मग एक मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. एकच्या चाळणीवर राहिलेला माल संपृक्त मिठाच्या पाण्यात टाका, लिटरला साधारण ३५० ग्रॅम मीठ. ढवळून दहा मिनिटं थांबा. या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असल्याने पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन, पॉलिस्टायरीन आणि नायलॉन वर येतात. पेट आणि पीव्हीसी शिंपल्यांबरोबर खालीच राहतात, ते हाताने निवडा. बी-काडी की प्लास्टिक अशी शंका आली तर तापवलेली सुई टेकवा. प्लास्टिक वितळतं, बी जळते. हे काम मोकळ्या हवेत, मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. दर महिन्याला तीच जागा आणि भरतीची तीच तिथी धरा. जूनचा आकडा जानेवारीच्या आकड्याशी लावू नका. पावसाळ्यात वाळू स्वतःच किनारा सोडून आत जाते आणि ऑक्टोबरनंतर परतते.

व्हाळावरचा अडसर

तीन-चार मीटर रुंदीच्या व्हाळावर तरंगता अडसर गावात बनवता येतो. चार इंची पाइपची दोन्ही टोकं टोप्या लावून बंद करा. हा झाला फ्लोट. त्याला खाली ३० ते ४० सेंटीमीटर जाळी लटकवा, छिद्र दोन-अडीच सेंटीमीटरचं. जाळीच्या खालच्या कडेला साखळी ओवा म्हणजे ती प्रवाहात उभी राहते. अडसर प्रवाहाला आडवा, काटकोनात बांधला तर मधे फुगतो आणि कचरा खालून सटकतो. तिरपा बांधा, म्हणजे कचरा सरकत एका काठाला येतो आणि तिथून उचलता येतो. दोन्ही काठांवर खांब रोवून दोरी कडीत ओवा, कडी खांबावर वर-खाली सरकली पाहिजे, कारण भरतीला पाणी मीटरभर किंवा जास्तही चढतं. भरतीच्या पट्ट्यात पाणी उलटंही वाहतं, अडकलेला कचरा परत वर जातो. तेव्हा ओहोटी संपायच्या आतच तो काढायचा.

जाळी तळापर्यंत नेऊ नका. मासळी अडते, गाळ साठतो आणि पुराचं पाणी घरात शिरतं. पहिल्या सरींत येणारा माल बहुतांशी पालापाचोळा असतो, त्या आठवड्यात दिवसातून दोनदा माणूस लागतो. मुसळधार पावसाचा इशारा आला तर एक टोक सोडून अडसर काठाला लावून ठेवा. पंचायत आणि जलस्रोत खात्याची परवानगी आधीच घ्या. आणि हे लक्षात असू द्या की अडसर फक्त तरंगणारं पकडतो. बुडणारं थांबवायचं तर ते व्हाळात पडूच देता कामा नये.

१ जुलै २०२२ पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, थर्माकोलची सजावट अशा एकदा वापरून टाकायच्या वस्तूंवर बंदी आहे, आणि त्याच वर्षअखेरपासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकची कॅरीबॅग बेकायदा आहे. आता दुकानांत 'कंपोस्टेबल' लिहिलेली हिरवी पिशवी मिळते. तिला कुजायला औद्योगिक खतखान्यातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. समुद्रात ती उष्णता नाही, त्यामुळे कासवाच्या दृष्टीने ती दुसऱ्या कुठल्याही पिशवीसारखीच. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, तिरपा छेद देऊन लटकता ठेवा. सुटा कोपरा कुठल्याच चाळणीत आणि कुठल्याच भंगारात सापडत नाही.

तिसऱ्या आणि शिनाण्या आपण आतड्यासकट खातो, बांगडा साफ करून. म्हणून प्लास्टिकचे कण पोटात जाण्याची शक्यता शिंपल्यांतून जास्त. रेती सुटावी म्हणून तिसऱ्या मिठाच्या पाण्यात ठेवायची आपल्या घरांतली रीत इथेही कामाला येते: जिवंत तिसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात काही तास ठेवल्या, पाणी दोनदा बदललं, तर रेतीबरोबर काही कणही बाहेर पडतात. पाणी समुद्राइतकं खारट हवं, लिटरला ३० ते ३५ ग्रॅम मीठ. गोड्या पाण्यात शिंपला तोंड मिटून घेतो आणि काहीच सोडत नाही.

जाळ्यात गुरफटलेलं कासव सापडलं तर

आधी वन खात्याला कळवा. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तोवर ते सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. जाळं ओढू नका, बोथट टोकाच्या कातरीने कापा, आधी मानेभोवतीचं, मग पायांचं. तोंडातून किंवा मागच्या बाजूने लोंबणारा धागा दिसला तर तो कधीही ओढायचा नाही; दुसरं टोक आतड्यात गुंतलेलं असतं आणि ओढल्यावर आतडं फाटतं. कासव निपचित असेल तर मेलं असं समजू नका. पोटावरच ठेवून मागची बाजू १५ सेंटीमीटर उंच करा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी उतरतं. त्याला शुद्धीवर यायला कित्येक तास, कधी एक अख्खा दिवस लागतो. तोवर त्याला पाण्यात सोडायचं नाही.